डोराची अर्धशिशी

१९०० सालचा ऑक्टोबर महिना. व्हिएन्नातल्या बेर्गगासे नावाच्या रस्त्यावर, १९ नंबरच्या घरी, एक श्रीमंत कापड-कारखानदार आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीला अठरावं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. खोकला थांबत नाही, मधूनच आवाज बसतो तो आठवडे न् आठवडे परत येत नाही, चिडचिड होते, आईशी पटत नाही, अशा तक्रारी होत्या. त्यात आता घरच्यांना तिच्या टेबलात आयुष्य संपवण्याची भाषा असलेली चिठ्ठी सापडली होती. वडिलांनी डॉक्टरांना सांगितलं ते थोडक्यात असं, की हिला जरा ताळ्यावर आणा.

डॉक्टर होते सिग्मंड फ्रॉइड. मुलीचं खरं नाव इडा बाउअर, पण जग तिला 'डोरा' म्हणून ओळखतं, कारण फ्रॉइडनं तिची केस लिहिताना तिला हे नाव दिलं. मानसशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ती भेटते. तिच्या तक्रारींच्या यादीत एक बारीकशी नोंद आहे, तिच्याकडे फारसं कुणी थांबून बघत नाही. साधारण बाराव्या वर्षापासून तिचं अर्धं डोकं दुखायचं. मायग्रेन. आपल्याकडची अर्धशिशी.

मी थांबले ती तिथेच, कारण माझंही अर्धं डोकं दुखतं. आणि कारण गेल्या काही वर्षांत डोकेदुखीवर काम करणारे डॉक्टर एक प्रश्न गंभीरपणे विचारू लागले आहेत, जो डोराच्या खोलीत हवेत लटकत होता. लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आणि मोठेपणी न हटणारी डोकेदुखी, यांचं काही नातं आहे का?

आधी डोराची गोष्ट नीट सांगते, कारण ती बहुतेक वेळा फ्रॉइडच्या बाजूनं सांगितली जाते.

वडिलांना, फिलिप बाउअरना, क्षयरोग होता. हवापालटासाठी सगळं कुटुंब मेरानो या गावी राहायला गेलं होतं. आज ते इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रियात होतं. तिथे एका जोडप्याशी घरोबा झाला. फ्रॉइड त्यांना श्रीयुत आणि श्रीमती 'क' म्हणतो. त्यांचं खरं नाव झेलेंका होतं हे पुढे संशोधकांनी शोधून काढलं. श्रीमती क डोराच्या आजारी वडिलांची शुश्रूषा करायच्या, आणि त्या शुश्रूषेचं पुढे प्रकरण झालं. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. डोरा क यांच्या मुलांना सांभाळायची, श्रीयुत क तिला फुलं आणि भेटवस्तू पाठवायचे. मोठ्यांना ते बरंच सोयीचं होतं.

फ्रॉइडच्या हिशेबानं डोरा चौदा वर्षांची असताना (काही अभ्यासकांच्या मते तेरा) श्रीयुत क यांनी तिला आपल्या दुकानात बोलावलं. गावात धार्मिक मिरवणूक होती, ती दुकानातून छान दिसेल, बायकोही येणार आहे, असं निमित्त सांगून. बायकोला घरीच ठेवलं होतं, नोकरांना सुट्टी दिली होती. शटर खाली ओढून त्यांनी डोराला घट्ट धरलं आणि तिचं चुंबन घेतलं. तिला शिसारी आली. ती स्वतःला सोडवून रस्त्यावर पळाली आणि कुणालाही काही बोलली नाही.

दोन वर्षांनी, तळ्याकाठी सुट्टीवर असताना, त्याच माणसानं पुन्हा तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला. बायकोकडून मला काही मिळत नाही, अशी सुरुवात करून. तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि निघून गेली. या वेळी तिनं आईला सांगितलं, आईनं वडिलांना. वडिलांनी क यांना जाब विचारला. क यांनी कानांवर हात ठेवले आणि उलट मुलीवरच डाव टाकला, की ती घरात बसून शरीरसंबंधांवरची पुस्तकं वाचते, तिच्या डोक्यात नसते विचार भरलेत. ही बातमी पुरवली होती श्रीमती क यांनी. म्हणजे जिच्याशी डोरा विश्वासानं सगळं बोलायची, तिनंच. वडिलांनी क यांच्यावर विश्वास ठेवला. निदान तसं दाखवलं.

हे वाचताना 'क'च्या जागी आपल्याला कितीतरी नावं ठेवता येतात. काका, क्लासचे सर, वडिलांचे मित्र, शेजारचा दादा. 'तू मोबाइलवर काय काय बघतेस' हे त्या पुस्तकांच्या आरोपाचं आजचं रूप.

फ्रॉइडचं श्रेय असं, की त्यानं डोरावर विश्वास ठेवला. ती खोटं बोलत नाही, दुकानातला आणि तळ्याकाठचा प्रसंग घडला, हे त्यानं मान्य केलं. आणि मग पुढच्या पावलाला त्यानं जे केलं ते वाचून आजही पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. त्याचं म्हणणं, निरोगी मुलीला अशा वेळी सुखद उत्तेजना जाणवायला हवी होती. हिला शिसारी आली, याचाच अर्थ ही आजारी आहे. श्रीयुत क दिसायला चांगले होते, हेही तो तळटीपेत आवर्जून नोंदवतो. त्याचा निष्कर्ष असा, की डोराचं आतून क यांच्यावर प्रेम आहे आणि ते ती दाबते आहे.

डोरानं ११ आठवडे ऐकून घेतलं. ३१ डिसेंबर १९०० ला ती म्हणाली, आज शेवटचा दिवस. त्या दिवशी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली: तळ्याकाठच्या प्रसंगाआधी क यांच्या घरच्या गव्हर्नेसनं तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. क यांनी त्या बाईलाही नादी लावलं होतं, आणि अगदी त्याच वाक्यानं. बायकोकडून मला काही मिळत नाही. डोरानं थोबाडीत का मारली हे मला तरी यातून स्वच्छ कळतं. फ्रॉइडला यात मत्सर दिसला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोराची अर्धशिशी दुकानातल्या प्रसंगाच्या आधी सुरू झाली होती, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास थांबलीसुद्धा. खोकला आणि बसलेला आवाज मात्र राहिला. त्यामुळे 'अत्याचार झाला म्हणून डोकं दुखू लागलं' असा सरळ बाण डोराच्या बाबतीत काढता येत नाही. तिच्या गोष्टीतून मला हवंय ते वेगळं आहे. दुखणारं शरीर घेऊन एक मुलगी डॉक्टरसमोर बसते, तिच्यासोबत काय घडलं हे डॉक्टरला कळतं, आणि तरीही ते ऐकलं जात नाही, हे कसं होतं ते.

चार वर्षं आधीचा फ्रॉइड निराळा होता. २१ एप्रिल १८९६ ला त्यानं व्हिएन्नातल्या मानसोपचार आणि मज्जाविकारतज्ज्ञांच्या सभेत एक निबंध वाचला. हिस्टेरियाच्या १८ रुग्णांवर, त्यात १२ स्त्रिया आणि ६ पुरुष, आपण काम केलं आणि प्रत्येकाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अनुभव सापडला, असा त्याचा दावा होता. अध्यक्षस्थानी क्राफ्ट-एबिंग होते, लैंगिक विकृतींवरचे त्या काळातले सर्वांत नावाजलेले तज्ज्ञ. त्यांनी या मांडणीची शास्त्रीय परीकथा म्हणून संभावना केली. सभेत बाकी शांतता. फ्रॉइडनं मित्राला, विल्हेल्म फ्लीसला, चिडून पत्र लिहिलं. पण सप्टेंबर १८९७ मध्ये त्याच मित्राला त्यानं कळवलं, की माझा माझ्या सिद्धांतावर विश्वास उरलेला नाही. कारणं अनेक दिली. त्यातलं एक असं, की हे खरं मानलं तर कितीतरी घरांतल्या वडिलांनाच दोषी धरावं लागेल, आणि इतकं सगळीकडे असेल हे संभवत नाही.

यावर भांडणं अजून मिटलेली नाहीत. १९८४ मध्ये जेफ्री मॅसननं पुस्तक लिहून आरोप केला, की फ्रॉइडनं हिंमत हरून सत्य गाडलं. दुसरी बाजू म्हणते, की फ्रॉइड रुग्णांच्या तोंडात आठवणी घालत होता, तेव्हा तो सिद्धांत सोडला हेच बरं. मला दोन्हींत तथ्य दिसतं, आणि दोन्ही बाजूंच्या भांडणात त्या १८ जणांचं पुढे काय झालं हा प्रश्न हरवतो. 'इतकं असणं शक्य नाही' हा युक्तिवाद मात्र तेव्हाही कच्चा होता. पॅरिसमध्ये आंब्रुआझ तार्दियू या न्यायवैद्यकाच्या डॉक्टरनं १८५७ मध्येच लैंगिक गुन्ह्यांवर ग्रंथ छापला होता, आणि त्यातल्या बळींमध्ये मुलांची संख्या प्रचंड होती.

आपल्याकडेही तो काळ याच वादाचा होता. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं मेली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी बालवधूंच्या जखमांच्या नोंदी जोडून सरकारला निवेदन दिलं, आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वय दहाचं बारा झालं. पुण्यात त्यावरून केवढं रान पेटलं, टिळक कुठल्या बाजूला होते, हे आपण शाळेत ओझरतं वाचतो. त्या निवेदनात नोंदवलेलं होतं ते डोळ्यांना दिसणारं: मृत्यू, पांगळेपण, जखमा. ज्या मुली जगल्या आणि पुढे पन्नास वर्षं कपाळाला सुंठेचा लेप लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्या, त्यांचं दुखणं कुठल्या निवेदनात मावणार?

माझ्या पणजीची अशीच एक खोली होती. तिला त्रास व्हायचा तेव्हा घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही. दोन्ही खरी आहेत एवढंच.

आता दुखण्याकडे. 'मायग्रेन' हा शब्द ग्रीक 'हेमिक्रेनिया'वरून, म्हणजे अर्धी कवटी, घासत घासत आला. आपली 'अर्धशिशी' म्हणजेही अर्धं डोकं; आयुर्वेदात तिला अर्धावभेदक म्हटलंय. दोन संस्कृतींनी वेदनेची जागा अचूक टिपली, कारणांवर मात्र सगळे घसरले. विसाव्या शतकात न्यू यॉर्कच्या हॅरल्ड वूल्फनं डोक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणावर मोठं काम केलं, आणि त्याच जोडीला 'मायग्रेनवाला स्वभाव' ही कल्पनाही रुजवली. महत्त्वाकांक्षी, टापटिपीचा, राग गिळणारा माणूस. म्हणजे पुन्हा दोष स्वभावाचा. 'टेन्शन घेत जाऊ नका' हे वाक्य ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी ऐकवलंय, त्यांना त्याचा उगम कुठे आहे हे ठाऊक असावं म्हणून सांगितलं. मला ते एका तज्ज्ञानं प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी लिहून दिलं होतं, खाली रेघ मारून.

आज आपल्याला माहीत आहे, की मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. चेहरा आणि मेंदूभोवतीच्या आवरणाची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस पेटते, सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, वेदना वाढत जाते. या द्रव्याला अडवणारी पहिली इंजेक्शनं २०१८ मध्ये बाजारात आली. आणि 'क्रॉनिक मायग्रेन' म्हणजे नुसतं जुनं दुखणं नव्हे. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणं, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे. आनुवंशिकता बंदूक देत असेल, पण काहींच्या हातात ती अधूनमधून उडते आणि काहींच्या हातात जवळजवळ रोज, हे का?

याचं एक उत्तर भलत्याच दवाखान्यातून आलं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणा कमी करण्याचा उपक्रम चालवत होते. ज्यांचं वजन भराभर उतरत होतं तेच लोक अर्ध्यावर सोडून जात होते. त्यांनी काहींना बसवून आयुष्याची हकीकत विचारली तेव्हा बालपणीचे लैंगिक अत्याचार एकामागून एक बाहेर येऊ लागले. वजन हे काहींना चिलखतासारखं वाटत होतं. फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी मग १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणीच्या आघातांबद्दल प्रश्न विचारले. पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. आघात जितक्या जास्त प्रकारचे, तितके मोठेपणीचे आजार जास्त. हृदयविकार, नैराश्य, व्यसन. २०१० मध्ये याच माहितीतून वारंवार होणाऱ्या डोकेदुखीबद्दलही तसंच चित्र पुढे आलं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रेचेन टीटजेन या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंचा मोठा अभ्यास आला. डोकेदुखीच्या ११ केंद्रांमधल्या मायग्रेनच्या १,३४८ रुग्णांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बालपणाविषयी विचारलं. २५ टक्के लोकांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, २१ टक्क्यांनी मारहाण, ३८ टक्क्यांनी भावनिक छळ. रोजच्या रोज दुखणाऱ्या डोक्याशी या भावनिक छळाचं नातं विशेष ठळक निघालं. म्हणजे घालून पाडून बोलणं, धाक, 'तू खोटारडी आहेस' असं ऐकत वाढणं. मला इथे डोराचे वडील आठवतात.

कॅनडातल्या जवळपास २३ हजार प्रौढांच्या पाहणीवर २०१५ मध्ये एक निबंध निघाला. लहानपणी मार खाल्लेला, लैंगिक अत्याचार झालेला आणि घरात आईवडिलांमधली हिंसा पाहिलेली, असे तिन्ही अनुभव असलेल्या पुरुषांमध्ये मायग्रेनची शक्यता तिपटीहून थोडी जास्त, स्त्रियांमध्ये तिपटीच्या किंचित खाली. पुरुषांचा आकडा मुद्दाम सांगते आहे. मुलग्यांवरच्या अत्याचाराबद्दल आपण मुळात बोलत नाही, आणि पुरुषाची अर्धशिशी हा तर चेष्टेचा विषय.

हे शरीरात कसं घडत असावं? लहान वयात धोका सतत उशाशी असेल तर ताणाची यंत्रणा, म्हणजे मेंदूपासून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत जाणारी साखळी, वेगळीच जुळणी करून बसते. घराला चोराची भीती म्हणून बसवलेला अलार्म मांजर गेलं तरी वाजावा तसं. वेदनेचे मार्ग हळवे होतात. उजेड, आवाज, वास, केस विंचरणं, सगळं टोचू लागतं. त्यात झोप मोडलेली. त्यात नैराश्य किंवा भीती, ज्या मायग्रेनला स्वतंत्रपणेही वाढवतात. त्यात गोळ्यांचा मारा: वेदनाशामकं महिन्यातून फार दिवस घेतली की तीच डोकेदुखी टिकवून धरतात.

पण सांभाळून. हे बहुतेक अभ्यास मोठ्या माणसांना मागचं आठवायला सांगून केलेले आहेत. त्यातून नातं दिसतं, कारण सिद्ध होत नाही. ज्याला दुखतंय तो भूतकाळ जास्त उकरतो, हीही शक्यता असते. आणि टीटजेनबाईंचेच आकडे उलटे वाचा: ७५ टक्के लोकांनी लैंगिक अत्याचार सांगितलेला नाही. मायग्रेन आहे म्हणजे काहीतरी घडलंच असणार, तुला आठवत नाही एवढंच, असं म्हणणारा समुपदेशक भेटला तर उठून यावं. तो १८९६ च्या फ्रॉइडची चूक नव्यानं करतोय.

उलटी चूकही तितकीच जवळ आहे. रुग्णानं धीर करून सांगितलं, की डॉक्टरांचा चेहरा सैल पडतो: अच्छा, म्हणजे हे मनाचं आहे. मग तपासणी थांबते, औषध हलकं होतं. 'हिस्टेरिया' हा शब्द आपल्याकडे गावोगाव असाच पोचला. झटके येणाऱ्या मुलीचं लग्न लावून द्या, बरी होईल, हा सल्ला ग्रीक वैद्यांनी दिला आणि माझ्या मावशीच्या शेजारणीनंही दिला. ज्या घरात दुखणं लपलंय, त्याच घराला पुन्हा कुलूप. अत्याचाराचा इतिहास असलेल्या माणसाची नस खरोखर पेटलेली असते, सीजीआरपी खरोखर सुटलेलं असतं. त्याला औषध लागतं आणि ऐकणारं माणूस लागतं, आणि एक दिलं म्हणून दुसरं कापून घ्यायचं नसतं. फेलिटींच्या दवाखान्यात हे प्रश्न पुढे छापील अर्जातच आले, रक्तदाब नि ॲलर्जीच्या रांगेत. मला हा भाग सगळ्यात आवडतो. घरी बसून, पेन हातात घेऊन, हो किंवा नाही. दार बंद करून कुणी डोळ्यांत बघत विचारणार नाही.

इडा बाउअर पुढे काय करते? मे १९०१ मध्ये क कुटुंबातलं एक मूल वारलं. ती भेटायला गेली. आणि तिथे तिनं श्रीमती क यांना तोंडावर सांगितलं, की तुमचे आणि माझ्या वडिलांचे संबंध मला माहीत आहेत. त्यांनी नाकारलं नाही. श्रीयुत क यांच्याकडून तिनं तळ्याकाठच्या प्रसंगाची कबुली घेतली आणि ती घरी येऊन वडिलांना सांगितली. कुठल्याही डॉक्टरशिवाय. त्यानंतर काही महिने तिची तब्येत बरी होती. ऑक्टोबरमध्ये भर रस्त्यात श्रीयुत क तिला समोर दिसले, थबकले, आणि तिच्या डोळ्यांदेखत एका गाडीनं त्यांना उडवलं. फार लागलं नाही. तिचा आवाज मात्र सहा आठवडे गेला.

१ एप्रिल १९०२ ला ती पुन्हा बेर्गगासेवर आली. दोन आठवडे चेहऱ्याची उजवी बाजू रात्रंदिवस दुखत होती. ज्या ट्रायजेमिनल नसेबद्दल वर लिहिलं, तिचाच हा मुलूख. फ्रॉइड हसला. दोन आठवड्यांपूर्वी पेपरात त्याच्याविषयी बातमी आली होती, ती तू वाचलीस ना, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. मग हे दुखणं म्हणजे क यांना मारलेल्या थोबाडीची तू स्वतःला दिलेली शिक्षा, असा अर्थ त्यानं लावला. मला तुला पुरतं बरं करण्याचं समाधान तू मिळू दिलं नाहीस, तरी मी तुला माफ करीन, असं आश्वासनही दिलं.

तिच्या गालाचं दुखणं कधी थांबलं, हे त्यानं लिहिलेलं नाही.